खालचं वायफाय माडीवर न्यायचंय? जुना राउटर जोडायची पूर्ण रीत

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याचं, खाली ओटी-माजघर-स्वयंपाकघर आणि वर माडी. फायबरवाल्याने त्याची पेटी ओटीवर बसवली कारण खांबावरून वायर तिथेच सोपी पडत होती, आणि मी लॅपटॉप घेऊन बसतो माडीवर मागच्या खोलीत. मध्ये दीड फुटाच्या दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. खाली स्पीड टेस्टला ९० च्या पुढे, वर मीटिंग चालू झाली की माझा चेहरा गोठलेला आणि समोरचे "आवाज येतोय का" विचारतायत. दोन महिने जिन्यात बसून काम केलं, खरंच सांगतो.

आधी एक एक्स्टेंडर आणला, भिंतीतल्या सॉकेटला लावायचा तसला. फोनवर कांड्या फुल झाल्या पण स्पीड १५-१८, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की तेही नाही. मग कपाटात पडलेला जुना राउटर काढला, ३० मीटर केबल आणली, खालच्या पेटीतून ती वर नेऊन या राउटरला जोडली की वर तोच वायफाय देतो, आणि एका रविवारी काम संपवलं. एका रविवारी म्हणजे, केबल ओढायला पाच तास आणि सेटिंगला वीस मिनिटं. लोक सेटिंगला घाबरतात आणि केबलचा कंटाळा करतात म्हणून एक्स्टेंडर घेतात, मीही तेच केलं होतं. पण खरी मेहनत केबलचीच आहे, बाकी सगळं खाली लिहिलंय तसं करत गेलात की होतं.

आधी हे जमा करा

- जुना राउटर, त्याच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरसकट (याबद्दल खाली सांगतो)
- कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल, मोजून त्यावर ४-५ मीटर जास्त. दुकानात "पूर्ण तांब्याची" मागा, स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते, ती कोपऱ्यात वळवली की आतून तुटते
- आरजे ४५ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारे प्लास्टिकचे, ५-६ (दोन लागतात, बाकीचे वाया जातात) आणि ते दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा पक्कड, नाहीतर दुकानातूनच दोन्ही टोकं लावून घ्या
- लॅपटॉप. फोनवरूनही जमतं पण मध्येच वायफाय बदलतं आणि आपण चक्रावतो
- टाचणी किंवा सिमची पिन
- खालच्या पेटीचा वायफाय पासवर्ड, आणि जमलं तर तिच्या सेटिंगचं लॉगिन (पेटीच्या पोटावरच्या स्टिकरवर असतं, नसेल तर कनेक्शनवाल्याकडून मागा)

१. नेट नक्की कुठे मरतंय ते बघा

अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका आणि घरभर फिरा. आकडा उणे मध्ये दिसतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, उणे ८० च्या पलीकडे नुसती कांडी दिसते, काम होत नाही. आमच्याकडे ओटीवर उणे ४२, जिन्याच्या वळणावर उणे ६३ आणि मागच्या खोलीत उणे ८४. कपाटाच्या एका बाजूला उणे ७१ आणि दुसऱ्या बाजूला ८० च्या वर, म्हणजे जांभ्याइतकाच दोष कपाटाचा होता. लोखंड, पत्रा, आरशाचं कपाट, सळ्यांचा स्लॅब, पाण्याची टाकी, ही सगळी वायफायची शत्रू मंडळी.

कधीकधी इथेच काम संपतं बरं का. पेटी टीव्हीच्या मागून काढून दोन हात वर भिंतीवर लावली तरी फरक पडतो. आणि राउटरवर दोन बँड असतात हे लक्षात ठेवा, २.४ गीगाहर्ट्झ लांब जातो पण हळू आणि शेजाऱ्यांच्या वायफायशी भांडतो, ५ गीगाहर्ट्झ जोरात पण भिंत आली की बसला. लांबच्या खोलीत फोन ५ वर अडकलेला असेल तर २.४ ला जोडून बघा, तेवढ्याने भागत असेल तर पुढचं वाचूच नका.

२. केबल ओढा

हे मोठं काम. केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, त्यामुळे लांबीची काळजी नको, वाटेची करा.

आमच्या वायरमनचं म्हणणं पडलं, लाइटच्या पाइपातूनच घालू, भोक पाडायला नको. ऐकू नका. २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपात नेटची केबल घालायची नसते, कधी आतली वायर सोलली गेली तर तो करंट राउटरपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येतो. वेगळी पट्टी किंवा वेगळा पाइप घ्या, आणि लाइटच्या वायरीला आडवी जायची वेळ आली तर काटकोनात जाऊ द्या.

आम्ही ओटीवरून बाहेर पडवीच्या वाशाखालून नेली आणि माडीच्या खिडकीशेजारी भोक पाडून आत घेतली. जांभा ड्रिलला तसा मऊ पण मधेच एखादी कडक गाठ लागते, तिथे घाई केली की चिऱ्याचा कोपराच निघतो. भोक आतून बाहेर किंचित उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. केबल आरपार घालायला बांबूची कामटी घेतली, तिच्या टोकाला सुतळी, सुतळीला केबल, आणि पलीकडून पुतण्याने ओढली. बाहेरच्या बाजूला भोकाच्या खाली केबलला एक झोळ सोडा, वीतभर, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं आणि भोकाकडे चढत नाही. एवढी एकच गोष्ट केली म्हणून आमची भिंत पहिल्या पावसाळ्यात कोरडी राहिली. नंतर भोक पुट्टीने बुजवा.

उघड्यावर जाणारी केबल काळ्या जाड सालाची घ्या, पांढरी-करडी घरातली असते, उन्हात दोन वर्षांत तडकते. माळ्यावरून नेणार असाल तर पाइप घालाच, उंदीर आणि खारी काय करतात ते मी सांगायला नको.

फायबरची बारीक वायर मात्र अजिबात हलवू, वाकवू नका. ती काचेची असते, पेटी सरकवायच्या नादात ती मुडपली की लाल दिवा लागतो आणि मग कनेक्शनवाल्याच्या माणसाची वाट बघत बसा.

३. टोकं लावा

स्वतः करणार असाल तर रंगांचा क्रम हा, कनेक्टरची क्लिप खाली आणि सोनेरी दात वर, डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सेम. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते, तिथेच सगळे चुकतात.

माझी एक फजिती सांगतो. माझ्या पहिल्या टोकात निळी तार, म्हणजे चौथी, दातापर्यंत पोचलीच नव्हती. पण जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, आणि त्या स्पीडला आठातल्या चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी, म्हणून सगळं छान चाललं. पुढच्या वर्षी प्लॅन १५० चा केला, वरचा राउटरही गीगाबिटवाला (१००० एमबीपीएसचे पोर्ट असलेला) आणला, तरी वर आकडा ९४ च्या पुढे हलेना. गीगाबिटला आठही तारा लागतात. कनेक्शनवाल्याशी दोन दिवस वाद घातला आणि शेवटी दुकानदाराने टेस्टर लावला तर चार नंबरचा दिवा बंद. आकडा ९०-९५ वर अडकला की आधी टोकं बघा, मग भांडा.

४. जुना राउटर पुसून कोरा करा

राउटरला वीज द्या, पाठीमागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे एकदम विझून परत लागले की सोडा. आता तो दुकानातून आणल्यासारखा झाला.

अ‍ॅडॉप्टरबद्दल म्हणालो होतो ते हे. फायबरची पेटी बहुतेक १२ व्होल्टवर चालते, जुने छोटे राउटर पुष्कळदा ९ वर, आणि पिन मात्र दोघांची सारखीच. पुतण्याने मदत करायच्या उत्साहात १२ चा अ‍ॅडॉप्टर ९ च्या राउटरला लावला, तीन मिनिटांत करपल्याचा वास आणि राउटर कैलासवासी. म्हणजे वर जो सांगतोय तो "जुना राउटर" खरं तर दुसरा, मामाकडून आणलेला. अ‍ॅडॉप्टरवर पांढऱ्या मार्करने लिहून ठेवा कुठला कुणाचा.

५. सेटिंग, पण याच क्रमाने

अजून लांब केबल जोडायची नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद, एक छोटी केबल घेऊन लॅपटॉप जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला (पिवळे किंवा १-२-३-४ लिहिलेले). ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असला काहीतरी. "इंटरनेट नाही" असं दिसेल, दिसू दे.

अ) आधी मोड शोधा. ऑपरेशन मोड किंवा वर्किंग मोड नावाच्या पानावर अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे नुसतं वायफाय देणारा, बाकी कारभार खालच्या पेटीवर सोडणारा) असा पर्याय असेल तर लॉटरी लागली, तो निवडा, सेव्ह करा, इ आणि ई आपोआप होतात. फक्त एक, त्यानंतर राउटर पुष्कळदा स्वतःचा पत्ता खालच्या पेटीकडून घेतो, मग जुन्या पत्त्यावर पान उघडत नाही आणि माणूस घाबरतो. बिघडलेलं काही नसतं. म्हणून आ आणि उ तेवढं त्या मोडमध्ये जायच्या आधी उरका.

आ) वायफायचं नाव आणि पासवर्ड. सुरुवातीला मुद्दाम वेगळं नाव द्या, मी "माडी" दिलं होतं, म्हणजे तपासताना कळतं आपण कुणाला जोडलोय. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ निवडा, आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद करून टाका.

इ) राउटरचा स्वतःचा पत्ता बदला, लॅन सेटिंगमध्ये. खालची पेटी १९२.१६८.१.१ असेल तर याला पहिले तीन आकडे तेच ठेवून शेवटचा वेगळा, मी १९२.१६८.१.२५० दिला. दोघांचा पत्ता एकच राहिला तर दोन घरांना एकच घरनंबर, पोस्टमनचं डोकं फिरणार. हा आकडा खालची पेटी दुसऱ्या कुणाला वाटून टाकू नये म्हणून तिच्या सेटिंगमध्ये पत्ते वाटपाची (डीएचसीपीची, ते पुढे सांगतो) हद्द २०० पर्यंत आणून ठेवली, आधी ती २५४ पर्यंत होती. सेव्ह केलं की पान गायब होईल, केबल काढून परत लावा आणि नवीन पत्त्यावर जा.

ई) सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटणारा कारकून. घरात कारकून एकच हवा आणि तो खालच्या पेटीत बसलाय. क्रम उलटा केला, आधी डीएचसीपी बंद केलं, तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि राउटरचं पान उघडत नाही. तसं झालंच असेल तर परत पुसायची गरज नाही, लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने पत्ता टाका, राउटरच्या घरातलाच, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आत जा, काम करा आणि मग लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका. मी विसरलो होतो, ऑफिसात गेल्यावर नेट चालेना.

उ) सेटिंगचा लॉगिन पासवर्ड बदला. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन ठेवू नका, पाहुण्यांची पोरं आजकाल हुशार असतात.

६. आता जोडा, लॅनमधून लॅनमध्ये

खालच्या पेटीच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल वर जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्येच घाला. वेगळ्या रंगाचा, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेला पोर्ट मोकळा सोडा. हात आपोआप तिकडेच जातो कारण नाव इंटरनेट आहे. (अ‍ॅक्सेस पॉइंट मोड वापरला असेल तर बऱ्याच राउटरांवर वॅनही चालतो.)

वॅनमध्ये घातली तर काय होतं? नेट चालतं, हीच तर गंमत. पण वरचा राउटर स्वतःचं वेगळं घर थाटतो, मग वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसत नाही, फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकता येत नाही. पहिल्या प्रयत्नात मी आठवडाभर प्रिंटरला शिव्या घालत होतो.

खालच्या पेटीवर कुठला पोर्ट, तेही बघा. काहींवर एकच पोर्ट गीगाबिटचा असतो, तर काही कंपन्या एक पोर्ट टीव्हीसाठी राखून ठेवतात, त्यात केबल घातली तर दिवा लागेल पण नेट येणार नाही. पोर्ट बदलून बघा.

आणि दोन राउटरांच्या मध्ये केबल एकच. आमच्याकडे केबलचं एक उरलेलं तुकडं टेबलावर लोंबत होतं, एक टोक राउटरमध्ये, दुसरं मोकळं, कुणीतरी भलेपणाने ते मोकळं टोकही त्याच राउटरमध्ये खोचलं. सगळ्या घराचं नेट खल्लास. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे फडफडायला लागले, खालच्या पेटीचेसुद्धा. कुणी पाप कबूल केलेलं नाही अजून. असे दिवे दिसले की दुसरं काही न तपासता जास्तीची केबल उपटा.

७. तपासा

"माडी"ला जोडा आणि विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. डिफॉल्ट गेटवेसमोर खालच्या पेटीचा पत्ता दिसायला हवा. वरच्या राउटरचा दिसला तर डीएचसीपी बंद झालेलं नाही. दोन कारकून असल्याची आणखी एक खूण म्हणजे कुणाचा फोन चालतो कुणाचा नाही, आणि रीस्टार्ट केलं की नशीब पालटतं.

सगळं ठीक असेल तर आता वरचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्यासारखा तंतोतंत करा, इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षरसुद्धा. मग फोन खिशात घेऊन वर-खाली केलं तरी तो स्वतःच जवळचा राउटर पकडतो.

म्हणजे पकडायला हवा. काही फोन फार निष्ठावान असतात, वर आलो तरी खालच्याच्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून बसतात. कुणाला सोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. आईचा फोन तसाच. खालच्या पेटीत ट्रान्समिट पॉवर कमी करायची सोय असेल तर मध्यम करा, फोन लवकर सोडतो. नाहीतर वायफाय बंद-चालू.

चॅनलही वेगळे ठेवा. २.४ वर १, ६ आणि ११ एवढेच चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, म्हणून खाली १ आणि वर ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ऑटोवर सोडलं तर आमचे दोघे ६ वरच येऊन बसायचे.

केबल शक्यच नसेल तर

भाड्याचं घर, मालक भोक पाडू देत नाही, समजू शकतो. मग जुना राउटर रिपीटर किंवा डब्ल्यूडीएस मोडवर टाका, म्हणजे तो एक्स्टेंडरसारखा खालचं वायफाय ऐकून पुढे देतो, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकाच रेडिओवरून ऐकायचं आणि तेच परत बोलायचं, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. आणि रिपीटर जिथे नेट नाही तिथे लावून उपयोग नाही, त्यालाच काही ऐकू आलं नाही तर तो पुढे काय सांगणार. उणे ६०-६५ दिसतं तिथे लावा, आमच्या घरात म्हटलं तर जिन्याच्या वळणावर. मी एक्स्टेंडर मागच्या खोलीत लावला होता. पैसे जास्त घालायची तयारी असेल तर तीन बँडवाला मेश संच (एकमेकांशी वायफायनेच बोलणारे दोन-तीन राउटर) घ्या, तो आपापसात बोलायला एक बँड वेगळा ठेवू शकतो.

लाइट आणि वीज

लाइट गेली की दोन्ही पेट्या चालू राहायला हव्यात, एकच इन्व्हर्टरवर असून भागत नाही. खालची बंद पडली तर वरचा राउटर रुबाबात फुल कांड्या दाखवतो आणि नेट शून्य. १२ व्होल्टचे छोटे राउटर यूपीएस मिळतात, खालच्या पेटीला तो लावला आणि वरचा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे. यूपीएसवर दोन पिना निघत असतील तर कुठली किती व्होल्टची ते बघूनच लावा, वरची करपलेली गोष्ट आठवा.

आमच्याकडे मे अखेर आणि परतीच्या पावसात विजा फार. गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून उपयोग नाही, प्लग उपसायचा आणि लांब केबलही दोन्ही टोकांना काढून ठेवायची, कारण बाहेरून जाणारी ती तांब्याची तार आहे. हे मात्र पहिला गडगडाट लांब असतानाच करायचं, वीज डोक्यावर आली की केबलला हात लावायचा नाही. आता पहिला आवाज आला की आई खालून ओरडते "वरची वायर काढलीस का", आणि मीटिंगमध्ये असलो तरी मी "दहा मिनिटं वीज आहे" सांगून खरंच काढतो.